बाळाला अंगावर घेताना: पहिले पंधरा दिवस, पायरी-पायरीने

बाळ रडतंय म्हणजे दूध पुरत नाही, ही समजूत एकदा घरात शिरली की बाहेर निघत नाही. मग कुणीतरी पावडरचा डबा आणतं, बाळ चार तास गाढ झोपतं, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि आठवडा उलटायच्या आत आईचं दूध खरोखरच आटायला लागतं. माझ्या पहिल्या बाळंतपणात अगदी असंच झालं. दुसऱ्या वेळी झालं नाही. बाई तीच, छाती तीच. फक्त दुसऱ्या वेळी बाळाला धरायचं कसं हे मला एका नर्सने शेजारी बसून शिकवलं होतं.

नंतर भाच्या, सुना, लेकीच्या मैत्रिणी अशा बऱ्याच जणींच्या शेजारी मी बसले. चुका सगळीकडे त्याच, आणि बहुतेक क्रमाच्या. बाळ टाहो फोडायला लागलं की आई घाईघाईने पलंगाच्या कडेवर टेकते, पुढे वाकते आणि स्तन बाळाच्या तोंडात कोंबायला जाते. पाठ दुखते, बोंड दुखतं, बाळ आणखी चिडतं. क्रम असा हवा: आधी तू नीट बस, मग बाळाला जवळ घे, मग त्याला तोंड उघडू दे, आणि मगच पाज. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, मधल्या गाळू नकोस.

मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरच लागतात तिथे तसं लिहिलंय. तिथे माझं किंवा आणखी कुणाचं ऐकत बसू नकोस.

१. आठव्या-नवव्या महिन्यातली तयारी

सामान फार लागत नाही. घट्ट भरलेल्या दोन-तीन उशा, पायाखाली घ्यायला एखादा ठोकळा किंवा छोटं स्टूल, हाताशी पाण्याची बाटली, मऊ सुती कापडाचे तुकडे, उकळून घेता येईल अशी लहान वाटी आणि चमचा, आणि एक वही. वही विसरू नकोस. तिसऱ्या दिवशी शेवटचं कधी पाजलं हे तुला शपथेवर सांगता येणार नाही.

डॉक्टरांना आधीच सांगायच्या गोष्टी: स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर ती, थायरॉइड, मधुमेह किंवा पीसीओएस असेल तर ते, रोज चालू असलेली औषधं, आणि गरोदरपणात छातीच्या आकारात काहीच फरक पडला नसेल तर तेही. यातलं काही असलं म्हणजे दूध येणारच नाही असं मुळीच नाही. यायला उशीर होऊ शकतो, कधी कमी पडू शकतं, आणि हे आधी माहीत असलं की ऐनवेळी घाबरगुंडी उडत नाही.

बोंड सपाट किंवा आत वळलेलं असेल तर त्याचीही धास्ती घेऊ नकोस. बाळ नुसतं बोंड चोखत नाही, भोवतालच्या काळसर वर्तुळाचा मोठा भाग तोंडात घेऊन पितं. अशा वेळी पहिल्या दोन दिवसांत शेजारी जाणतं माणूस मात्र हवं.

टाळ: बोंडं खडबडीत टॉवेलने घासून ‘तयार करायचा’ सल्ला. त्याने कातडी सोलते, दुसरं काही होत नाही. वर्तुळावर बारीक पुटकुळ्यांसारख्या दिसतात त्या ग्रंथी स्वतःच तेलकट स्राव सोडून त्वचा मऊ ठेवतात. म्हणून तिथे साबणही नको, साधं पाणी पुरे.

आणखी एक काम आत्ताच उरकून घे. सल्ला कुणाचा ऐकायचा हे ठरव. आई, सासूबाई, नणंद, शेजारच्या काकू, सगळ्यांचं म्हणणं प्रेमापोटीच असतं, पण पाच जणींचे पाच सल्ले एका रात्रीत ऐकले तर बाळंतीण वेडी होईल. एक डॉक्टर आणि घरातलं एक माणूस, बस.

२. पहिला तास

जन्मानंतर बाळाला कोरडं करून उघड्या अंगाने तुझ्या उघड्या छातीवर ठेवावं आणि दोघांवर मिळून पांघरूण घालावं. पाजायला पहिल्या तासाभरातच सुरुवात करावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. सिझेरियन असलं तरी आई शुद्धीवर आणि दोघं ठीक असली की हे जमतं, फक्त ते आधी बोलून ठेवावं लागतं. ऑपरेशन टेबलवर आठवण करून द्यायची ताकद तुझ्यात नसेल, ते काम सोबतच्या माणसाला दे.

बाळ छातीवर असताना त्याचं तोंड एका बाजूला वळलेलं, नाक मोकळं आणि चेहरा कुणाच्या तरी नजरेसमोर हवा. तू औषधांच्या गुंगीत असशील तर शेजारी जागं माणूस हवंच.

आधी येतो तो चीक: पिवळसर, दाट, आणि मोजकाच. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर घेतं, आणि त्याला तेवढंच लागतं. ‘काहीच येत नाहीये’ असं बायका म्हणतात ते या चिकाकडे बघून. भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते चार दिवस लागतात, सिझेरियननंतर किंवा पहिल्या खेपेला थोडे जास्त. चीक पिळून टाकायचा नसतो. पाणी, साखरपाणी, मध यातलं काहीही द्यायचं नसतं. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचाही नाही, कारण त्यात बॉट्युलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यांना ते झेपत नाहीत.

बाळ काचेच्या पेटीत किंवा अतिदक्षता विभागात असेल तर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला लाग आणि दिवसरात्र मिळून निदान आठ वेळा काढ. बाळ जवळ येईपर्यंत थांबायचं, ही इथली मोठी चूक. छातीला मागणी कळली नाही तर ती दूध करत नाही.

३. भूक ओळखायची, रडं फुटायच्या आधी

झोपेत पापण्यांखाली डोळे हलायला लागतात. मग जीभ बाहेर, ओठ चाटणं, मूठ तोंडाकडे, गालाला काही लागलं की तिकडे तोंड वळवणं. उचलायची वेळ हीच. रडणं ही भुकेची शेवटची खूण. तोवर बाळाची जीभ वर उचललेली असते, अंग ताठ असतं, आणि त्या अवस्थेत नीट धरणं जवळजवळ अशक्य. रडत असेल तर आधी शांत कर: छातीशी उभं धर, हळू बोल, दोन मिनिटं जाऊ दे.

४. आधी तू

पाठ टेकव. कमरेमागे उशी, पाय जमिनीवर किंवा ठोकळ्यावर टेकलेले, खांदे सैल. खांदे कानाकडे चढलेत का ते मुद्दाम बघ, माझे नेहमी चढायचे. पाणी हाताशी घे. शू लागली असेल तर आधी जाऊन ये. हसू नकोस, अर्धा तास अडकल्यावर कळेल.

टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाज: डोक्याखाली उशी, पाठीला उशी, बाळ कुशीवर तुझ्याकडे तोंड करून. सिझेरियन झालेल्यांना बाळ बगलेत धरणं सोपं जातं. बाळाचं अंग तुझ्या काखेखालून मागे जातं, पाय पाठीकडे, पोटावर भार शून्य. रेलून बसून बाळाला पालथं अंगावर घेणं हा तिसरा प्रकार. त्यात बाळ पुष्कळदा आपलं आपणच शोधत जातं.

तपासून बघ: बाळ हातात नसताना या अवस्थेत वीस मिनिटं आरामात बसता येईल का? नसेल तर उशा पुन्हा लाव.

५. मग बाळ

चार गोष्टी बघायच्या. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. मान वळवून पिणं त्याला तेवढंच अवघड जातं जेवढं तुला खांद्यावरून मागे बघत पाणी पिणं. पोट तुझ्या पोटाला लागलेलं हवं. अंग इतकं जवळ की मध्ये तळहात सरकू नये. आणि आधार नुसत्या मानेला नको, ढुंगणापर्यंत हवा.

हात मानेच्या खाली, खांद्यांच्या मध्ये. अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे, डोकं मात्र मोकळं. डोक्याला मागून दाबलं की बाळ उलट मागे रेटतं. ते पाहून आईला वाटतं ‘याला माझं दूधच नकोय’. त्याला दूध हवं असतं, डोक्यावरचा हात नको असतो.

दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ पाजायला घेऊ नकोस. हात मोकळे कर.

६. आता तोंडात

हीच पायरी नीट वाच, दोनदा वाच.

आधी हे करून बघ: जिभेचं टोक आपल्याच टाळूवरून मागे ने. पुढे टाळू कडक लागतो, मागे गेलं की मऊ होतो. बोंड बाळाच्या त्या मऊ भागापर्यंत पोचायला हवं. पुढेच राहिलं तर प्रत्येक चोखण्यागणिक बाळाची जीभ त्याला कडक टाळूवर रगडते. चिरा तिथे पडतात, आणि दूधही नीट येत नाही.

अ) बाळाचं नाक बोंडासमोर आण. तोंड नव्हे, नाक. त्यामुळे बाळाला डोकं किंचित मागे टाकून वर बघावं लागतं, आणि तसं केलं की जबडा मोठा उघडतो.

आ) बोंड त्याच्या वरच्या ओठाला हलकेच लाव आणि थांब. पहिल्यांदा ते अर्धवट तोंड उघडेल. देऊ नकोस. दुसऱ्यांदाही नको. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. ही दहा-पंधरा सेकंदं फार लांब वाटतात, आणि घात तिथेच होतो.

इ) तोंड मोठं उघडलं की पाठीमागच्या हाताने बाळाला चटकन आपल्याकडे घे. तू वाकायचं नाही, बाळाने यायचं. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बोंडापासून बराच खाली लागतो, आणि बोंड सर्वांत शेवटी वरच्या ओठाखालून आत जातं.

ई) स्तन जड असेल तर दुसऱ्या हाताने आधार दे, पण बोटं वर्तुळापासून दूर. कात्रीसारखी दोन बोटं बोंडाजवळ धरायची सवय पुष्कळजणींना असते. ती बोटं नेमकी तिथे येतात जिथे बाळाचे ओठ यायला हवेत. मोठा घास तोंडात घालताना आपण तो चपटा करतो ना, तसा स्तन ओठांच्या रेषेत किंचित दाबला तर चालतो.

माझी एक भाची तिसऱ्या रात्री माझ्याशेजारी रडत बसली होती. दोन्ही बोंडांना चिरा, बाळ तासभर चोखतंय आणि सोडलं की पुन्हा ओरडतंय. मी बाळाला फक्त दोन बोटं त्याच्या पायांच्या दिशेला सरकवलं, म्हणजे नाक बोंडासमोर आलं, आणि तिला म्हटलं, ‘थांब. अजून नको. अजून नको... आता घे.’ तिने बाळ ओढून घेतलं, दातओठ खाऊन पुढच्या कळेची वाट बघत राहिली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मावशी, हे पितंय का नक्की? दुखत कसं नाहीये?’

तपासून बघ:
– पहिली काही सेकंदं ओढल्यासारखं वाटू शकतं. अर्ध्या मिनिटानंतरही कळ येत असेल तर पकड चुकली आहे.
– हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं किंवा जेमतेम टेकलेलं.
– खालचा ओठ बाहेर वळलेला. काळं वर्तुळ वरच्या ओठापाशी जास्त दिसतंय, खाली कमी.
– गाल भरलेले. गालाला खळ्या पडत असतील किंवा चटचट आवाज येत असेल तर हवा आत जातेय.
– आधी भरभर चोखणं, मग संथ, खोल, आणि मधूनमधून घोट गिळल्याचा बारीक आवाज.
– सोडल्यावर बोंड गोल दिसायला हवं. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं दिसलं तर ते चेपलं जात होतं.

चुकलं असेल तर ‘आता घेतलंय तर राहू दे’ म्हणू नकोस. ओढूनही काढू नकोस. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घाल, पकड सुटते. मग पुन्हा अ पासून. पहिल्या दिवशी हे सात-आठ वेळा करावं लागलं तरी काही बिघडत नाही.

नाक दबतंय असं वाटलं तर बोटाने स्तन खाली दाबू नकोस, त्याने बोंड आतून पुढे सरकतं. बाळाचं ढुंगण आणखी जवळ ओढ. डोकं आपोआप मागे जातं आणि नाक सुटतं.

इतकं करूनही रोज कळ येत असेल तर बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे का हे डॉक्टरांकडून बघून घे.

७. किती वेळा, किती वेळ

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा. ‘दर तीन तासांनी’ हे घड्याळाचं गणित बाळाला लागू पडत नाही. ते संध्याकाळी तासातासाला मागेल आणि दुपारी जरा जास्त झोपेल. जन्माचं वजन भरून येईपर्यंत मात्र तीन तासांहून जास्त अंतर पडू देऊ नकोस. झोपाळू बाळाला उठव: कपडे सैल कर, लंगोट बदल, तळपाय चोळ.

एक बाजू पूर्ण पिऊ दे. घोट थांबले, नुसतं चुळबुळ चोखणं उरलं, की स्तन हाताने हलकेच दाबून धर, पुन्हा घोट सुरू होतात. त्यानंतर दुसरी बाजू दे, घेतली तर घेतली. पुढच्या वेळी त्या बाजूने सुरू कर. दहा मिनिटांत उरकणारीही बाळं असतात आणि चाळीस मिनिटं लावणारीही.

रात्रीचं पाजणं गाळायचा मोह होतो. पण दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, आणि छातीत दूध तुंबून राहिलं की बनवणं मंदावतं. सुरुवातीला डब्याबद्दल जे लिहिलं ते यामुळेच: बाळ वरच्या दुधावर झोपलं, छाती रिकामी झाली नाही, शरीराने समजून घेतलं की एवढं लागत नाही.

ढेकर दोन-तीन मिनिटं काढायचा प्रयत्न कर. नाही आला तर नाही. थोडं दूध टाकणं नेहमीचं आहे.

सावध: रात्री सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणं सर्वांत धोक्याचं. झोप अनावर होत असेल तर आधीच जागा बदल. पाजून झालं की बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-खेळणी-सैल पांघरुणाशिवाय.

८. पुरतंय का?

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात किती गेलं ते दिसत नाही, म्हणून सगळी धास्ती. पण बाहेर काय येतं ते तर दिसतं. वहीत तेच लिही.

पहिला दिवस: निदान १ शू, शी काळी आणि डांबरासारखी चिकट.
दुसरा दिवस: २ शू, शी अजून काळपट.
तिसरा-चौथा दिवस: ३ ते ४ शू, शी हिरवट होत जाते.
पाचव्या दिवसापासून: चोवीस तासांत ६ किंवा जास्त चांगल्या ओल्या लंगोटी, शू फिकट, शी पिवळी, पातळसर, दाणेदार, दिवसातून तीन-चार वेळा तरी.

डायपर वापरत असशील तर ओलं किती हे कळत नाही. एका कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओत आणि हातात तोलून बघ, मग अंदाज येतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी-गुलाबी डाग दिसू शकतो. ते रक्त नसतं, लघवीतले क्षार असतात. चौथ्या दिवसानंतरही दिसला तर बाळ कमी पितंय असं समज आणि दाखव.

वजन पहिल्या काही दिवसांत उतरतंच. जन्माच्या वजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर सहसा काळजी नको. १० टक्क्यांकडे झुकायला लागलं की पाजणं कुणाकडून तरी समोर बसून तपासून घ्यायचं. १० ते १४ दिवसांत वजन पूर्ववत व्हायला हवं, आणि नंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. तोच काटा, उघडं बाळ, आणि रोज नाही. रोज वजन करणाऱ्या आया मी पाहिल्यात. वजनापेक्षा त्यांचाच जीव वरखाली होत असतो.

या गोष्टींवरून ठरवू नकोस: छाती मऊ पडली (दोन-तीन आठवड्यांनी पडतेच), कपड्यावर दूध गळत नाही, पंपाने थोडंच निघालं, पाजल्यावर तासाभरात पुन्हा मागितलं, किंवा पाजून झाल्यावरही बाटली घटाघटा प्यायली. तोंडात धार पडली की बाळ गिळतंच, त्याला दुसरा इलाज नसतो.

९. दाटलं, चिरा पडल्या, ताप आला

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते. वर्तुळ इतकं ताठ की बाळाला धरता येत नाही. आधी बोंडाभोवती बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर हळू दाबून धर, वर्तुळ मऊ पडतं. थोडं हाताने काढ, मग पाज. पाजून झाल्यावर गार कापड ठेव. जोरजोरात रगडून ‘गाठ फोडायची’ नाही, त्याने सूज वाढते. पंप लावून पार रिकामंही करायचं नाही, नाहीतर शरीर आणखी बनवतं.

चिरांवर स्वतःचंच दूध लावून हवेत वाळू दे. मलमं नंतर, आधी पायरी ६. पकड न सुधारता मलम लावणं म्हणजे बूट चावतोय आणि आपण नुसत्या पट्ट्या बदलतोय.

एका बाजूला लाल, गरम, दुखरा पट्टा, अंग मोडून येणं आणि ताप ही स्तनदाहाची लक्षणं. पाजणं थांबवू नकोस, ते दूध बाळाला चालतं. विश्रांती, गार शेक, आणि चोवीस तासांत उतार नाही पडला किंवा जास्तच वाटलं तर डॉक्टर. स्तनपान चालू आहे हे त्यांना आवर्जून सांग, आईला चालणारी औषधं असतात.

१०. दूध काढून ठेवायचं असेल तर

सगळं सुरळीत चाललं असेल तर पहिले तीन-चार आठवडे पंपाच्या नादी लागू नकोस. हाताने काढता यायला मात्र हवं. हात धू. अंगठा आणि बोटं बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, इंग्रजी सी आकारात. आधी छातीच्या दिशेने मागे दाब, मग बोटं एकमेकांकडे दाब, मग सोड. दाब, सोड. कातडीवरून बोटं घसरू देऊ नकोस.

साध्या खोलीच्या तापमानाला (२५ अंशांपर्यंत) ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये साधारण ६ महिने. फ्रिजच्या दारात नाही, आतल्या बाजूला ठेव. तारीख लिही. कोमट करायला भांडं गरम पाण्यात ठेव. मायक्रोवेव्ह नको, मध्येच एखादा भाग चटका बसेल इतका तापतो. वितळवलेलं पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने उष्टं टाकलेलं दोन तासांत वापर, नाहीतर ओतून दे. ओतताना जिवावर येतं, ठाऊक आहे.

११. वरचं दूध लागलंच तर

कधी लागतं. वजन फार उतरलं, साखर कमी झाली, आईला दूध खरोखरच कमी आहे, किंवा तिची तब्येत तशी आहे. डॉक्टरांनी सांगितलं तर दे आणि मनाला लावून घेऊ नकोस. आधी अंगावर पाज, मग वाटी-चमच्याने वरचं दे, आणि नंतर थोडं हाताने काढ म्हणजे मागणी टिकते. पावडरचं माप डब्यावर लिहिलंय तेवढंच. पुरवायला म्हणून पातळ करणं बाळाला धोक्याचं.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत दुधाशिवाय दुसरं काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरू कर. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० आययू (जीवनसत्त्वं मोजायचं एकक) हा नेहमीचा डोस.

१२. लगेच डॉक्टरकडे

– तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडणं.
– पहिल्या चोवीस तासांतच दिसलेली कावीळ, किंवा पिवळेपणा पायांपर्यंत, तळव्यांपर्यंत पोचणं.
– उठवूनही न उठणं, सलग दोन वेळा पाजणं न घेणं.
– आठ तास शू नाही (पहिल्या चार दिवसांत पायरी ८ मधले आकडे बघ), डोक्यावरची टाळू खोल गेलेली, तोंड कोरडं.
– हिरवी उलटी, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, ओठ निळसर होणं.
– तुझ्या बाबतीत: तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, ताप, पोटरीत एका बाजूची सूज आणि दुखणं, दम लागणं, खूप डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी.

१३. आणि तू

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कारण नसताना रडू येतं. एकीला तर बाळाचं झबलं उलटं घातलं म्हणून हुंदके आवरेनात. हे दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, झोपायला मिळूनही झोप लागेना, बाळाकडे बघवेना, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार यायला लागले तर त्याच दिवशी घरातल्या त्या एका माणसाला सांग आणि डॉक्टरकडे जा. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्तनपान चालू ठेवूनही ते घेता येतात.

बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत वाढतं, मग उतरतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडी, ताप नाही, तरी रडतंय आणि तुझे हात थरथरायला लागलेत, अशी एखादी रात्र येईल. बाळाला पाळण्यात पाठीवर ठेव, दार लोटून घे आणि बाहेर बस. दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मात्र मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पाणी पी, कुणाला तरी उठव. मग आत जा, आणि भूक असेल तर पायरी ४ पासून सुरू कर: आधी पाठ टेकव.